फाट्यावरचे दोन फोन

कोसमटोलीच्या फाट्यावर मनसारामचा एसटीडी बूथ होता. सावलीहून गडचिरोलीकडे जाणारी गाडी तिथे थांबायची. गाव फाट्यापासून आत दीड किलोमीटर, तलावाच्या पाळीला लागून. लहानपणी तापात मनसारामचा उजवा पाय वाळला होता. अपंगांच्या कोट्यातून शहाण्णव साली त्याला बूथ मिळाला, आणि तेव्हापासून आसपासच्या पाच-सहा गावांत कुणी मेलं, कुणाला बाळ झालं, कुणाचं लग्न मोडलं, की ते आधी मनसारामला कळायचं, मग बाकीच्यांना.

हे त्याला आवडायचं. भिवंडीला, हैदराबादला, चंद्रपूरला कामावर गेलेली माणसं बूथवर फोन करायची आणि म्हणायची, अमक्याला बोलावून ठेवा, अर्ध्या तासाने परत करतो. मनसाराम गावाकडे निघालेल्या कुणाजवळ तरी निरोप द्यायचा, नाहीतर तीनचाकी सायकलचे दांडे हाताने फिरवत स्वतः जायचा. लोक धावत यायचे, बूथसमोरच्या बाकावर घाम पुसत बसायचे आणि फोन येईपर्यंत त्याच्याशी गोड बोलायचे. ज्याच्यावर मर्जी नाही त्याचा निरोप उशिरा पोचायचा. कधी तर फोन येऊन गेल्यावर पोचायचा, आणि मनसाराम म्हणायचा, तुम्हीच उशीर केला, मी काय करू.

केसरबाईचं आणि त्याचं बिनसलं ते दोन हजार चारच्या हिवाळ्यात. केसरबाई ढिवराची, विधवा. पहाटे तलावातून निघालेला मासा डोक्यावर घेऊन सावलीच्या बाजारात विकायची. तिची एकच मुलगी, रुपाली, बल्लारशाला दिली होती. एकदा बूथवरून मुलीशी बोलताना केसरबाई जावयाच्या दारूबद्दल काही बोलली. चार दिवसांनी तेच शब्द तिला बाजारात मासेवाल्या बायांच्या तोंडून ऐकू आले. ती रिकामी टोपली काखेत मारून तशीच फाट्यावर आली. बाकावर सहा-सात माणसं होती.

"मनसाराम," ती म्हणाली, "तू कान लावून लोकायच्या गोष्टी ऐकते अन् गावभर सांगत फिरते. तुह्या पोटात काहीच राहत नाई."

बाकावरचं कुणी हसलं नाही, पण कुणी तिला गप्पही केलं नाही. ते खरं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. मनसारामने बिलाच्या मशीनवरचा कागद फाडला आणि चुरगळला. केसरबाई गेल्यावर त्याने मनाशी ठरवून टाकलं. मी सगळ्यांच्या गोष्टी सांगत फिरतो म्हणते ना. आता हिची एक गोष्ट हिला सांगणार नाही.

त्यानंतर वर्षभरात रुपालीचा बल्लारशाहून सात वेळा फोन आला. पहिल्यांदा मनसाराम म्हणाला, तुझी आई तलावावर गेली. मग म्हणाला, बाजारात गेली. मग म्हणाला, निरोप दिला होता, आली नाही. मधल्या एका फोनला त्याने नुसतं उचलून ठेवून दिलं. सातवा फोन श्रावणात आला, दुपारी. रुपाली हळू आवाजात बोलत होती, जवळ कुणी असावं तसं. ती म्हणाली, "भाऊ, आईले सांगजा, मले घेऊन जा म्हणा. सहावा महिना हाय मले. हे लोक मारतेत. आता इथी राह्यली तं काई खरं नाई."

"सांगतो," मनसाराम म्हणाला.

आतल्या खोलीत त्याची बायको कुंता तांदूळ निवडत होती. जेवताना तिने विचारलं, कोणाचा फोन होता. तो म्हणाला, राँग नंबर.

रुपालीला दिवस भरायच्या आधीच झालं. मूल तासभर जगलं. ती त्या घरात आणखी सहा-सात महिने राहिली, कारण आईला निरोप मिळूनही ती आली नाही असंच तिला वाटत होतं, आणि मग जायचं तरी कुठे. एका बाईच्या खानावळीत ती पोळ्या लाटायला जाऊ लागली. त्या बाईने नवा मोबाईल घेतला तेव्हा आपला जुना रुपालीला दिला. काळा, घडीचा, बिजागरीजवळ रंग उडालेला, झाकणावर बोटाच्या पेराएवढी निळी खिडकी. तो घेऊन, एक पिशवी घेऊन, दोन हजार सहाच्या चैत्रात ती कोसमटोलीला उतरली.

आईने तिला दारात पाहिलं तेव्हा पहिला शब्द निघाला तो रागाचा. दीड वर्ष झालं, एक फोन नाही, आई मेली का जगली याची चौकशी नाही. रुपाली म्हणाली, सात वेळा केला. केसरबाई म्हणाली, मला एकही सांगितला नाही कुणी. तिने देवाची शपथ घेतली, मेलेल्या नवऱ्याची घेतली.

दुसऱ्या दिवशी रुपाली बूथवर गेली. "मनसारामभाऊ, माह्या आईले निरोप भेटला होता का?"

मनसाराम बिलाच्या मशीनचं झाकण पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही. "दिला होता बाई. दोनदा दिला. तुही आई म्हणे, लेकीनं आपलं आपण निस्तरावं."

हे शेवटचं वाक्य त्याने तिथल्या तिथे रचलं. रुपाली तशीच परत गेली. घरी तिने आईला काही विचारलं नाही. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलत होतं. आई ओरडून, छाती बडवून बोलत होती, आणि मनसाराम शांत आवाजात बोलला होता. रुपालीला त्या शांत आवाजाचाच पगडा बसला. बल्लारशाला तिला ज्यांनी मारलं तेही आधी ओरडायचे, रडायचे, शपथा घ्यायचे.

तरी मनसारामवरही तिचा विश्वास बसला नाही. त्याने वर पाहिलं नव्हतं, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

आठवड्याभरात ती फाट्यावर मासे घेऊन बसू लागली. जागा तिने बरोबर हेरली. बूथच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, चैतूच्या चहाच्या टपरीला लागून. बूथच्या काचेतून बाहेर पाहिलं की आधी तीच दिसावी. बसायला पोतं, समोर मासे कापायची पावशी, शेजारी ओल्या फडक्याखाली मरळ आणि रोहू, आणि मांडीजवळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. सावलीकडे टॉवर नुकताच झाला होता. गावात, तलावाजवळ रेंज नव्हती. फाट्यावर होती.

तो फोन काही भारी नव्हता. त्यात फोटो निघत नव्हते, गाणी वाजत नव्हती. पण एकदा चार्जिंग केलं की चार दिवस निघायचे, आणि गावात लाईट असते किती. वाजला की रुपाली हात लुगड्याला पुसायची, अंगठ्याने झाकण उघडायची, बोलायची आणि झाकण मिटायची. मिटलं की संपलं, वेगळं बटण दाबायला नको. एकदा तो माशाच्या पाण्यात पडला. तिने बॅटरी काढली, सगळे तुकडे सुपात मांडून उन्हात ठेवले, आणि दुपारच्या गाडीच्या वेळेला तो पुन्हा वाजला. चैतूने तेव्हापासून त्या फोनचं नाव कासव ठेवलं. त्याला माशाचा वास यायचा. कानाला लावला की यायचा.

सुरुवातीला तिला फोन यायचे ते माशाचेच. गडचिरोलीचा एक खानावळवाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचा, किती लागणार ते, आणि सकाळच्या गाडीने ती माशांचा डबा पाठवायची. मग चैतूने आपल्या पुण्याच्या पुतण्याला तिचा नंबर दिला. मग लालसूने. लालसू जंगलातल्या टोल्यावरच्या छोट्या वस्तीतला गोंड माणूस, दोन तास चालून फाट्यावर यायचा. त्याचा भाऊ मिरची तोडायला आंध्रात गेला होता. भावाचा फोन आला की रुपाली निरोप डोक्यात ठेवायची आणि लालसू येईल त्या दिवशी शब्दाला शब्द सांगायची. कुणी बोलायला आलं की ती फोन उघडून हातात द्यायची आणि पाठ फिरवून मासा कापत बसायची. ती ऐकत नाही, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. पैसे ती घेत नव्हती. येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत, मग घेऊ कशाचे, असं म्हणायची. गोडही बोलत नव्हती. "कानाले लावा, बोला, मिटा," एवढंच.

श्रावणात ऐनाचं एक झाड तारांवर पडलं आणि बूथचा फोन नऊ दिवस बंद राहिला. त्या नऊ दिवसांत पाच गावांतल्या माणसांनी रुपालीचा नंबर गाडीच्या थांब्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला. दहाव्या दिवशी बूथ सुरू झाला, पण बाक रिकामाच राहिला.

तिने पैसे घेतले असते तर मनसारामला इतकं लागलं नसतं. तो धंदा झाला असता, आणि धंद्याला त्याच्याजवळ उत्तर होतं. तिने फुकट दिलं. लोक आता रस्त्याच्या त्या बाजूला उभे राहून हसत, रडत, ओरडून बोलत, आणि काचेतून त्याला त्यांची तोंडं हलताना दिसायची. काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला पाच गावांतलं काही कळेनासं झालं. लालसूच्या भावाला मुलगा झाला हे त्याला बारशानंतर समजलं.

त्याने आधी तोंडाने सुरुवात केली. नवऱ्याने टाकलेली बाई, दिवसभर फोन कानाला लावून कोणाशी बोलते, असं तो बूथवर येणाऱ्या एखाद-दुसऱ्याला सहज विचारायचा. ते बोलणं पसरलं. एका बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवरून दोघे आले, तिच्यासमोर गाडी थांबवली आणि तुझा नंबर आम्हालाही दे म्हणाले, आणखीही काही म्हणाले. रुपालीने पावशीवरचा हात थांबवला नाही. मरळीचं डोकं वेगळं करून तिने त्यांच्या चाकाजवळ टाकलं आणि दुसरी मरळ घेतली. ते गेले. काचेमागे मनसाराम हे सगळं बघत होता हे तिने पाहिलं.

मग त्याने फोन करायला सुरुवात केली.

नंबर समोरच्या भिंतीवरच लिहिलेला होता. ती गिऱ्हाइकात गुंतलेली असली, हात कोपरापर्यंत खवल्यांनी भरलेले असले, की तो नंबर फिरवायचा. रस्त्यापलीकडे पिशवीतला फोन वाजायचा. ती हात पुसायची, पिशवीतून काढायची, उघडायची, हॅलो म्हणायची. इकडे रिसीव्हरमध्ये तिचा आवाज आणि तिकडे तिचे ओठ, दोन्ही त्याला एकदम मिळायचं. तो काही बोलायचा नाही. ती दोन-तीनदा हॅलो म्हणून झाकण मिटायची. पाच मिनिटांनी पुन्हा. दिवसात दहा-बारा वेळा. एकदा तिच्या हातून गिऱ्हाइकाचा मासा मातीत पडला, तेव्हा त्याला बरं वाटलं. कुंताने आतून विचारलं, कोणाशी बोलता. तो म्हणाला, लाईन तपासून राह्यलो.

झाकणावरच्या निळ्या खिडकीत फोन करणाऱ्याचा नंबर दिसतो, हे मनसारामला माहीत नव्हतं. त्याच्या बूथच्या जुन्या डब्यावर तसं काही दिसायचं नाही. मोबाईल त्याने कधी हातात घेतला नव्हता. आणि रुपालीला त्याचा नंबर पाठ होता. बल्लारशाच्या बूथवर उभं राहून तिने तो सात वेळा फिरवला होता. पहिल्या मुक्या फोनलाच तिने तो ओळखला.

ती अकरा दिवस ओळख न दाखवता हॅलो म्हणत राहिली. चैतूच्या लक्षात आलं होतं की फोन वाजतो आणि ती नुसतं हॅलो म्हणून मिटते. त्याने विचारलं तर म्हणाली, एक माणूस हाय, त्याच्या तोंडातून शब्द निघून नाई राह्यला, निघन कधीतरी.

बाराव्या दिवशी केसरबाई तिच्याजवळ बसली होती. सावलीचा बाजार नव्हता म्हणून तीही आपली टोपली घेऊन फाट्यावर आली होती. माय-लेकी कामापुरतंच बोलत. दहा वाजले असतील. चैतूच्या टपरीवर चार-पाच माणसं होती, त्यात लालसूही. फोन वाजला.

रुपालीने हात पुसले, खिडकीत पाहिलं आणि झाकण उघडलं. पण हॅलो म्हटलं नाही. ती उठून उभी राहिली आणि रस्त्यापलीकडे, काचेत, सरळ त्याच्याकडे बघत बोलली. आवाज चढवला नाही.

"ठेवू नको मनसाराम. ठेवला तं मी तिथी येतो."

इतके दिवस ती त्याला भाऊ म्हणायची, तुम्ही म्हणायची. रिसीव्हर ठेवावा असं मनसारामला वाटलं, पण तिचे डोळे त्याच्यावर होते, आणि ठेवला की सगळ्यांना दिसणार होतं की तोच होता.

"हा तुहा नंबर माह्या फोनवर दिसते. पहिल्या दिसापासून दिसून राह्यला. पन मले त्याचं काई नाई. मले एकच सांग. मागच्या सालच्या श्रावणात मी तुले फोन केला. आईले सांग, मले घेऊन जा म्हन, सहावा महिना हाय, मारतेत, असं बोलली. तू सांगतो म्हनला. आईले सांगितलं का नाई?"

टपरीवरचे लोक आता वळून बघत होते. केसरबाई हातातली पावशी धरून तशीच बसली होती. सहावा महिना, हे शब्द तिने पहिल्यांदा ऐकले. मूल गेलं एवढं मुलीने सांगितलं होतं, पण कधी, कोणत्या महिन्यात, त्याआधी काय झालं, हे तिने विचारलं नव्हतं आणि मुलीने सांगितलं नव्हतं.

फोनमधून मनसारामचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"मले नको सांगू," रुपाली म्हणाली. "तिलेच सांग." आणि तिने उघडा फोन आईच्या कानाला लावला.

केसरबाईने फोन धरला. तिचे हात ओले होते, फोन निसटत होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. "कोन?" ती म्हणाली.

मनसारामच्या मागे कुंता चहा घेऊन उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलं नाही. त्याने खोटं बोलायचं ठरवलं होतं. निरोप दिला होता, तूच विसरली, असं तो म्हणू शकला असता. आजवर कित्येकांना म्हटलं होतं. पण काचेतून केसरबाईचा चेहरा दिसत होता, आणि माणसाच्या तोंडाकडे पाहत फोनवर खोटं बोलणं त्याने कधी केलं नव्हतं. फोनवर माणूस दिसत नाही, म्हणूनच तर ते सोपं होतं.

"मी, मनसाराम," तो म्हणाला. "निरोप आला होता केसरबाई. मी नाई सांगितला."

रुपाली फोनकडे बघत नव्हती. ती आईचा चेहरा बघत होती. त्या चेहऱ्यात चोरी पकडल्याचं काही नव्हतं.

"आला होता म्हणते," केसरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सांगितला नाई म्हणते."

फोन कसा मिटायचा तिला माहीत नव्हतं. तिने तो तसाच उघडा मुलीच्या हातात दिला, पावशी खाली ठेवली, आणि रस्ता ओलांडून बूथसमोर गेली. लोक मागे गेले. तिने काचेवर हात ठेवला. ओल्या हाताचा ठसा उठला.

"माह्यावर राग होता तं माह्यावर काढाचा होता," ती म्हणाली. "मी इथीच होती. दररोज तुह्या दारावरून जात होती."

मनसाराम म्हणाला की तिनेच म्हटलं होतं, तो सगळ्यांचं सगळीकडे सांगतो म्हणून. म्हणून त्याने सांगितलं नाही. हे तो दोन वर्षं मनात म्हणत आला होता, आणि मनात ते चोख वाटायचं. तोंडाने म्हटल्यावर त्याच्या स्वतःच्या कानाला ते भलतंच ऐकू आलं.

मग लालसू पुढे आला. हा माणूस फार बोलत नसे. त्याने विचारलं, तीन वर्षांमागे त्याचा बाप चंद्रपूरच्या दवाखान्यात होता, तेव्हा फोन कधी आला होता. तो पोचला तेव्हा बापाला माती देऊन झाली होती. मनसाराम म्हणाला, आठवत नाही. लालसू म्हणाला, आठवून सांग, मी बसतो. आणि तो रिकाम्या बाकावर बसला. त्याच्यामागे आणखी एकाने आपलं विचारलं. मग चैतूने, ज्याने दहा वर्षं त्याला रोजचा चहा दिला होता. कुणी काच फोडली नाही, कुणी हात उगारला नाही. ते एकेक करून विचारत राहिले, आणि मनसाराम प्रत्येकाला आठवत नाही म्हणत राहिला.

कुंताने चहाचा कप मशीनवर ठेवला. "मले राँग नंबर म्हनले होते तुमी," ती म्हणाली, आणि आत गेली. तिला तो फोन आठवत होता. तेव्हाही तिला संशय आला होता, कारण राँग नंबरला कुणी 'सांगतो' म्हणत नाही. पण तिने पुन्हा विचारलं नव्हतं. चार दिवसांनी ती मासे घ्यायच्या निमित्ताने रस्ता ओलांडून आली आणि रुपालीसमोर उभी राहिली. रुपाली मासा तोलणार तेवढ्यात केसरबाईने तराजू काढून घेतला आणि म्हणाली, तुमच्या चुलीवर आमच्या हातचा मासा शिजणार नाही. कुंता पिशवी घडी करून परत गेली. ती पुन्हा आली नाही.

बूथ त्यानंतर सहा महिने चालला, म्हणजे उघडा राहिला. होळीनंतर मनसारामने मशीन परत केलं आणि तिथे बिड्या, साबण, पेनं ठेवली. परगावचे लोक घेत. गावचे लोक चैतूच्या टपरीवरून घेत, तिथे तेच थोडं महाग मिळायचं तरी.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. रुपाली आणि केसरबाई दुपारी घरी आल्या. रुपालीला वाटलं होतं, आई रडेल, जवळ घेईल. केसरबाईने टोपली आपटली.

"तू मले खोटी समजली," ती म्हणाली. "सहा महिने माह्या घरात माह्या हातचं खाल्लं, अन् मले खोटी समजली."

रुपाली म्हणाली, तू तरी एकदा बल्लारशाला आली असती. फोन नाही आला तर गाडी होती. केसरबाई म्हणाली, लेक विचारत नाही म्हणून मला राग होता. रुपाली म्हणाली, मलाही होता. भात रुपालीनेच टाकला. केसरबाई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तलावावर गेली नाही. तिने धुतलेलं लुगडं नेसलं, एक रिकामं पोतं घडी करून बगलेत घेतलं आणि फाट्याकडे निघाली. रुपाली मागे आली. कुठे जाते विचारलं तर केसरबाई म्हणाली, "निरोप भेटला मले काल. जातो."

रुपालीने तिला सांगून पाहिलं की आता तिथे काही नाही, ती लोकं वाईट आहेत, एकटी जाऊ नको. केसरबाईने ऐकलं नाही. रुपाली सोबत येते म्हणाली, तेव्हा म्हणाली, मासा कोण विकेल. तिने मूल शहराकडे जाणारी गाडी धरली. मूलवरून चंद्रपूर, चंद्रपूरवरून बल्लारशा.

दिवसभर रुपालीचं कापण्यात लक्ष नव्हतं. फोन तीन वेळा वाजला. तिन्ही वेळा माशाचाच. आईला नंबर पाठ नव्हता, आणि कागदावर लिहून द्यायचं तिला सुचलं नव्हतं.

संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने केसरबाई उतरली. पोतं भरलेलं होतं, कंडक्टरने ते खाली ठेवायला हात लावला. आत पितळेची गुंडी होती, दोन ताटं, पाटा नव्हता पण वरवंटा होता, रुपालीची लग्नातली दोन लुगडी, आणि तिच्या हाताने विणलेलं एक झबलं. लुगड्यांच्या घडीत गुंडाळलेलं. ते रुपालीने पाहिलं आणि पुन्हा घडीत सरकवलं.

तिकडे बल्लारशाला जावई घरी नव्हता. सासू होती, दोन नणंदा होत्या. केसरबाईने सरळ आत जाऊन मडक्यांच्या उतरंडीमागून भांडी काढायला सुरुवात केली होती. शेजारचे जमले, कुणीतरी पोलिसांना बोलावतो म्हणालं, ती म्हणाली बोलवा. तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे होते. कानावरचे केस सुटले होते.

"सासू काय म्हणाली?" रुपालीने विचारलं.

"मी काय तिचं ऐकाले गेली होती?" केसरबाई म्हणाली. "पोत्याचं दुसरं टोक धर."

दोघींनी पोतं उचललं आणि गावच्या रस्त्याला लागल्या. बूथचा दिवा लागला होता. मनसाराम काचेमागे बसला होता. दोघींपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही. पोतं जड होतं. मध्ये दोनदा ते खाली ठेवावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ठेवलं तेव्हा केसरबाई धापा टाकत म्हणाली की सकाळी गडचिरोलीच्या खानावळीचा डबा आहे, लवकर उठवजो.